बोट वर केलेला फोटो

तो फोटो मी निवडला. एकशे सोळा फ्रेम्समधून, कॉफी पिता पिता, पाचेक मिनिटांत. कुणी दबाव आणला नव्हता. घाई होती, पण रोजच्याइतकीच. हे आधी लिहून टाकतो, कारण इतकी वर्षं ही हकिकत सांगताना मी ‘तो फोटो गेला’, ‘तो फोटो लागला’ असंच म्हणत आलो. फोटो आपले आपण कुठे जात नाहीत.

दक्षिण लंडनमधल्या एका स्थानिक साप्ताहिकात मी फोटोंचं काम बघतो. फोटोग्राफर एखाद्या सभेचे शंभर-दीडशे फोटो पाठवतो. त्यातला एक मी छापायला काढतो, कडेचं नको ते कापतो, खाली कॅप्शन लिहितो. मग सगळे फोटो संग्रहात टाकतो आणि प्रत्येकाला शोधशब्द जोडतो, म्हणजे पुढे कुणी तो शब्द टाकला की फोटो समोर यावा. दुसरी वर्तमानपत्रं आमच्या संग्रहातून फोटो विकत घेतात. पुण्याहून दोन वर्षांसाठी म्हणून आलो होतो. आता डोक्यावर काळा केस शोधावा लागतो.

त्या दिवशी कौन्सिलची, म्हणजे आमच्या भागातल्या नगरपालिकेची, सभा होती. एक जुनी लायब्ररी बंद करायची की नाही, यावर. सभागृह भरलेलं होतं. कौन्सिलच्या लीडर बाई, म्हणजे तिथला कारभार चालवणाऱ्या सत्ताधारी पक्षाच्या प्रमुख, बोलायला उभ्या राहिल्या. बाई कृष्णवर्णीय, आईवडील घानाहून आलेले, त्या स्वतः इथेच जन्मलेल्या. मागच्या रांगेतून एक म्हातारा म्हणाला, ऐकू येत नाही. बाईंनी माइकवाल्याकडे बघून बोट वर केलं, आवाज वाढव म्हणून, आणि म्हाताऱ्याला मोठ्याने विचारलं, “आता ऐकू येतंय का?”

त्या क्षणाची एक फ्रेम होती. तोंड उघडं, कपाळाला आठ्या, बोट वर. फोटोग्राफरने खाली स्पष्ट लिहून पाठवलं होतं: मागे बसलेल्या वृद्ध नागरिकासाठी माइकचा आवाज वाढवायला सांगताना.

मी ते वाचलं होतं. यापुढे जे काही लिहीन, त्याच्या मुळाशी हे वाक्य आहे. मी ते वाचलं होतं.

कॅप्शनला दोन ओळींचीच जागा होती. मी लिहिलं: लायब्ररीच्या वादात लीडर आक्रमक. मागच्या रांगेची कडा कापली, त्यात तो म्हाताराही गेला. शोधशब्द जोडले: राग, ओरडणे, भांडण. संपादक मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “याच्यात दम आहे.” मला बरं वाटलं. पहिल्या पानावर पाच कॉलम.

त्यानंतर तो फोटो बाईंच्या मागे लागला. कचरा उचलणाऱ्यांचा संप झाला, तो फोटो. कौन्सिल टॅक्स वाढला, तो फोटो. एका मोठ्या वर्तमानपत्राने विकत घेतला आणि वर मथळा दिला, त्यात ‘संतापी’ हा शब्द होता. बाईंनी गरजूंसाठी चालवलेल्या अन्नकेंद्राला बक्षीस मिळालं, तेव्हाही तोच, कारण संग्रहात त्यांचं नाव टाकलं की सगळ्यात वर तोच यायचा. बक्षीस घेणारी बाई वाचकांवर डाफरताना दिसत होती. पान जुळवताना मी तो पाहिला आणि बदलला नाही. जेवायची वेळ झाली होती.

दोन वर्षांनी पक्षाने त्यांना लीडरपदावरून काढलं. कारण सांगितलं स्वभावाचं.

मी एकटा वाईट होतो असं म्हणून सुटका करून घ्यायची नाही. माझे हात रोजच तसे चालत. आमच्या भागात आफ्रिकेतून आलेले बरेच लोक राहतात; तिकडच्या एखाद्या देशातल्या निवडणुकीची बातमी आली की मी शोधखिडकीत ‘रांग’, ‘सैनिक’, ‘धूळ’ हे शब्द टाकायचो. एकदा तिथले एक अर्थमंत्री लंडनला आले होते, चष्मा लावून आकडेवारी वाचणारे, आमच्या बँकेतल्या मॅनेजरसारखे. त्यांचे चाळीस फोटो असे होते. एकात ते उन्हात काळा गॉगल लावून गाडीतून उतरत होते. मी गॉगल घेतला. तो ‘तिकडच्या नेत्यासारखा’ दिसत होता. तिकडचा नेता कसा दिसतो हे मला कुणी शिकवलं नव्हतं, तरी मला पक्कं माहीत होतं.

आणि घरी? घरी गोऱ्या खासदाराबद्दल बोलताना आम्ही ‘ते’ म्हणायचो आणि या बाईंना ‘ती’. बायकोही, मीही. कधी ठरवलं नव्हतं.

त्याच सुमाराला वेम्बलीला आमच्या मराठी मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम होता. तिळगूळ वाटणं चाललं होतं. माझा एक जुना मित्र, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, मला म्हणाला, “काय रे, तुमची ती महिषासुरमर्दिनी काय म्हणते? परवा पेपरात बघितली. मी तर ट्रेनमध्ये घाबरून पान उलटलं.”

“अरे, ती लोकं तशीच,” दुसरा म्हणाला. “लाऊड. आपल्यासारखं नाही.”

हसले सगळे. मीही हसलो. वर म्हणालो, “फोटो माझाच आहे. मीच निवडलाय.” कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली आणि माझी छाती फुगली.

याच मंडळाच्या दिवाळीची बातमी आमच्या पेपरात एकदा आली होती, तेव्हा मी रजेवर असताना चुकून भलत्याच कार्यक्रमाचा फोटो लागला होता. मी संपादकांपुढे जाऊन बसलो. आमची ओळख काय चीज आहे, एक चुकीचा फोटो माणसांना किती लागतो, यावर अर्धा तास बोललो. पुढच्या अंकात दिलगिरी छापून आणली. म्हणजे मला कळत होतं. फक्त स्वतःपुरतं कळत होतं.

मुलगी ग्लासगोला शिकते. गेल्या हिवाळ्याच्या शेवटी तिचा फोन आला.

“बाबा, आज आमच्या क्लासमध्ये तुझ्या पेपरची फोटो दाखवली.”

“कुठला?”

“ती काउन्सिलवाली लेडी. फिंगर वर. लेक्चररने तिच्या बाजूला एक गोरा माणूसची फोटो ठेवली, सेम मीटिंग, सेम दिवस. तो टेबलवर हात मारतोय. त्याच्या खाली लिहिलंय पॅशनेट. कोणी निवडली ती फोटो?”

“डेस्कने,” मी म्हणालो.

“डेस्क म्हणजे कोण?”

“अगं, असतात तीन-चार जण.”

“बाबा, डेस्कला डोळे नसतात. तू होता का?”

मी म्हणालो की आठवत नाही, आणि बायकोच्या हातात फोन दिला. वीस वर्षांच्या पोरीशी मी इतकं उघड खोटं पूर्वी कधी बोललो नव्हतो. तिनेही पुन्हा विचारलं नाही. रविवारी फोन आला तो फक्त आईसाठी.

सोमवारी ऑफिसात संग्रह उघडला. टेबलावर हात आपटणारे ते गृहस्थ म्हणजे तेव्हाचे विरोधी पक्षनेते. त्यांचे शोधशब्द मीच जोडले होते: ठाम, तळमळ. एकाच दुपारी, एकाच खुर्चीत बसून.

मग बाईंचे नंतरचे फोटो बघत गेलो. आणि जे इतकी वर्षं डोळ्यांसमोरून गेलं होतं ते दिसलं. त्या सभेनंतरच्या एकाही फोटोत त्यांचे हात दिसत नाहीत. प्रत्येक सभेत हात टेबलाखाली, ओठ मिटलेले. मला आठवलं, मीच फोटोग्राफरवर वैतागायचो की या बाईंचा एकही जिवंत फोटो मिळत नाही. आणि पदावरून जायच्या आधी आम्हीच त्यांना ‘थंड’ म्हटलं होतं.

बाई अजून साध्या नगरसेविका आहेत. या वसंतात त्या पुन्हा लीडरपदासाठी उभ्या राहणार होत्या, पक्षातलं मतदान दोन आठवड्यांवर होतं. शनिवारी सकाळी त्या लोकांच्या तक्रारी ऐकायला बसतात, त्याच लायब्ररीत, जी आता आठवड्यातून दोनच दिवस उघडते. मी रांगेत बसलो. माझ्या आधी भिंतीवरच्या बुरशीचे फोटो घेऊन आलेली एक बाई होती. माझ्या मागे पार्किंगवरून चिडलेला माणूस.

“कुठल्या रस्त्यावर राहता आपण?” त्यांनी वही उघडत विचारलं.

मी सांगितलं की मी तक्रार घेऊन आलेलो नाही. कोण ते सांगितलं, काय केलं ते सांगितलं. फोटोग्राफरने लिहिलेलं वाचून मग बदललं, हेही सांगितलं. माफी मागितली.

त्यांनी वही मिटली. मग म्हणाल्या, “तो म्हातारा माझ्या शाळेत रखवालदार होता. मागच्या वर्षी गेला. फोटोत त्यालाही ठेवलं असतंत, तर त्याच्या मुलीने घरी लावला असता.”



“पक्षाने माणूस नेमला होता मला शिकवायला,” त्या म्हणाल्या. “हात कुठे ठेवायचे. मी पन्नाशीची बाई, आणि तो मला हात कुठे ठेवायचे ते शिकवत होता.” त्यांचे हात आताही टेबलाखाली गेले होते. “मला कशाला सांगता हे? मला माहीतच होतं मी काय म्हणत होते. ज्यांनी फोटो बघितला त्यांना सांगा. आणि मतदानाच्या आधी सांगा.” मग माझ्या खांद्यावरून मागे बघून म्हणाल्या, “नेक्स्ट, प्लीज.”

त्याच दिवशी सगळं लिहून काढलं, सोमवारी संपादकांना दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला.

“इतक्या वर्षांपूर्वीचं कुणाला आठवतंय?”

“दर महिन्याला आपणच आठवण करून देतो.”

“मतदानाच्या तोंडावर हे छापलं तर आपण तिची बाजू घेतल्यासारखं होईल. निःपक्षपाती राहायला हवं. नंतर बघू.”

मी तिथेच अडून बसायला हवं होतं. दिवाळीच्या फोटोसाठी अर्धा तास बसलो होतो. या वेळी मी ‘बरं’ म्हणालो आणि उठलो. शोधशब्द पुसले, नवे घातले. पण विकलेल्या प्रती माझ्या हातात नव्हत्या. मतदानाच्या आदल्या दिवशी दुसऱ्या एका वर्तमानपत्राने बाईंची बातमी केली आणि तोच फोटो लावला, वर केलेलं बोट, उघडं तोंड.

बाई हरल्या.

त्यानंतरच्या अंकात, वाचकांच्या पत्रांच्या पानावर, रोपवाटिकेच्या जाहिरातीखाली माझं पत्र आलं. सोबत पूर्ण फ्रेम छापली, कडा न कापता. मागच्या रांगेत कानामागे हात धरलेला म्हातारा दिसतो. कात्रण मुलीला पाठवलं, सोबत एवढंच लिहिलं की मीच होतो. छापलेलं पत्र असं:

‘हा फोटो आपण अनेकदा पाहिला आहे. यात नगरसेविका रागावलेल्या नाहीत. मागे बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांना ऐकू येत नव्हतं, त्यांच्यासाठी त्या माइकचा आवाज वाढवायला सांगत आहेत. फोटोग्राफरने हे लिहून दिलं होतं. मी ते वाचलं, तरीही खोडलं आणि त्यांना आक्रमक म्हटलं. त्या गृहस्थांना मी फोटोतून कापून टाकलं. त्याच सभेत टेबलावर हात आपटणाऱ्या गोऱ्या सदस्याला मी तळमळीचा म्हटलं. हे छापायला मी उशीर होऊ दिला, तोही माझाच दोष. नगरसेविकांची, आणि त्या दिवंगत गृहस्थांच्या कुटुंबाची, मी माफी मागतो. फोटो मी निवडला होता.’