नलूच्या काढ्यात काही नव्हतं

"व्हॅनिशिंग बाइल डक्ट सिंड्रोम," बायॉप्सीचा रिपोर्ट वाचून डॉक्टर म्हणाले. यकृतात पित्त वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. माझ्या पत्नीच्या, मालतीच्या, यकृतातल्या बऱ्याच नळ्या नाहीशा झाल्या होत्या. पित्ताला वाट नव्हती, ते रक्तात उतरत होतं.

"बहुतेक औषधानेच होतं हे. बेनने कोई दवा आपी हती?"

हिला काही औषध दिलं होतं का, असं ते गुजरातीत विचारत होते. मालतीने माझ्याकडे पाहिलं. घरातली औषधं माझ्या ताब्यात असत.

मी "नाही" म्हणालो.

तिची धाकटी बहीण नलू शेजारीच होती. ती सरळ मनाने म्हणाली, "मी काढा देत होते हो, खोकल्यासाठी." डॉक्टरांनी काढा बंद करायला सांगितलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बडोद्याला गोरव्याच्या एका कारखान्यात होतो. तिथल्या दवाखान्यातून आम्ही सगळे गरज नसताना स्वतःच्या नावावर औषधं आणायचो. घरोघरी पत्र्याचा डबा भरलेला असे. मालतीला खोकला झाला तेव्हा त्या डब्यातल्या अँटिबायोटिक कॅप्सूल मी तिला दिल्या. कडक औषधाला ती घाबरायची, म्हणून "व्हिटॅमिन आहे" असं सांगितलं. आणि त्याच दिवसांत कारखान्यात व्हीआरएस देऊन घरी पाठवायच्या लोकांची यादी तयार होत होती. औषधांचं प्रकरण निघालं तर माझं नाव यादीत जाईल, या भीतीने मी खोटं बोललो.

नातेवाइकांत बातमी पसरली: नलूच्या काढ्याने मालतीचं लिव्हर गेलं. रावपुऱ्यातल्या एका लग्नात मीच चारचौघांत तिला म्हणालो, "तुझी वैद्यकी आम्हाला भोवली." त्यानंतर ती आमच्याकडे आली नाही.

मालतीची खाज थांबत नव्हती. तळहात, तळपाय, पाठ. ती जेवणाच्या काट्याने पाय खाजवायची. डोळे पिवळे, लघवी गडद. एकदा आरशात पाहून म्हणाली, "अहो, पुन्हा हळद लागली मला. या वेळी नवरा नीट बघून घेईन." मी हसलो.

काही महिन्यांनी तिला ताप आला आणि मी त्याच कॅप्सूल पुन्हा दिल्या. कसं केलं हे, तुम्ही विचाराल. काढ्याचं खोटं इतक्यांदा सांगितलं होतं की माझाच त्यावर विश्वास बसला होता.

आठवड्यात ती पुन्हा वॉर्डात. तेव्हा मी डॉक्टरांना रिकामी स्ट्रिप दाखवली. ते म्हणाले, "पहिल्या दिवशी सांगितलं असतं, तर दुसऱ्यांदा दिलं गेलं नसतं. उरलेल्या नळ्या कदाचित वाचल्या असत्या." यकृत बदलण्याची सोय तेव्हा आमच्या आवाक्यात नव्हती.

शेवटच्या आजारात ती रोज म्हणायची, "नलूला बोलवा ना." मी म्हणायचो, "आधी बरी हो." नलू आली असती तर काढ्याचा विषय निघाला असता. मालती बहिणीला न भेटताच गेली.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगतो. डॉक्टर विचारतील तेव्हा घेतलेली प्रत्येक गोळी सांगा. उरलेली, उसनी, कुणी प्रेमाने दिलेली, सगळी. लाज वाटली तरी सांगा.

गेल्या महिन्यात तरसालीला नलूच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. तीही आता म्हातारी झाली आहे. तिने चहा केला नाही.

"भाऊजी, इतकी वर्षं मला वाटायचं, मीच ताईला मारलं," ती म्हणाली. "आणि हे तुम्ही मला एकटीला, दार लावून सांगताय? लग्नात मला बोललात तेव्हा सगळा रावपुरा ऐकत होता."

म्हणून हे लिहिलं. ज्यांनी तेव्हा ऐकलं त्यांच्यापैकी जे हयात आहेत, त्यांनी हे वाचावं आणि तरसालीला जाऊन नलूला भेटावं. मला भेटायला येऊ नये.