सिस्टरांची नाडी

बाबांच्या खाटेजवळ बसून मी सलाइनचे थेंब बघत होतो. त्या सकाळी चिनी वैद्यक शिकलेल्या एक डॉक्टरबाई वॉर्डातल्या सिस्टरांची देहप्रकृती तपासायला आल्या होत्या. आधी एक छापील कागद भरायचा होता. हातपाय गार पडतात का? घशात काही अडकल्यासारखं वाटतं का? उगाच दचकता का? आमच्या सुनंदा सिस्टरांनी सगळीकडे झरझर ‘नाही’वर खुणा केल्या.

मग बाईंनी नाडी बघायला त्यांचं मनगट धरलं. त्याबरोबर सिस्टरांची नजर सवयीने घड्याळाकडे गेली आणि ओठ हलू लागले. त्या स्वतःचेच ठोके मोजत होत्या.

“मोजू नका. नुसत्या बसा,” बाई म्हणाल्या.

“नुसतं बसलं की भीती वाटते हो मॅडम. कुणाचं तरी औषध द्यायचं राहिलंय, असं वाटत राहतं.”

आठ दिवस मी यांच्याच भरवशावर इथे बसलो होतो. घाबरायचं काम फक्त आम्हा नातेवाइकांचं, असं मी धरूनच चाललो होतो. मग यांना धीर द्यायला कोण येत असेल?

थोड्या वेळाने त्या सलाइन बदलायला आल्या. बाटली धरायला मी हात पुढे केला, तेव्हा त्यांची बोटं लागली. बर्फासारखी गार होती.

“घाबरलात का दादा?” त्यांनी हसून विचारलं.

“नाही,” मी म्हणालो. त्यांच्यासारखंच, झरकन.