मांडीखालचे हात

रत्नाबाई मुलाला घेऊन मुलगी बघायला यायच्या होत्या आणि प्रणिता सकाळपासून घाबरली होती. अशा वेळी कुठलीही मुलगी घाबरते. प्रणिताला भीती होती ती स्वतःच्या हातांची. आनंद झाला की, धसका बसला की तिची बोटं फडफडायची. निपाणीला तिच्या मामाचे हात असेच चालायचे, आणि गावानं त्याला वेडा ठरवून टाकलं. गावाला असलं निदान करायला वेळ लागत नाही. तेव्हापासून तिच्या आईनं, अंबूबाईंनी, लेकीला एकच शिकवलं: हात मांडीखाली.

हीच पोरगी ऑफिसात प्रोग्रॅमच्या हजारो ओळींतली चूक चुटकीसरशी काढायची. दोन हजार साल तोंडावर आलं होतं, ते लागताच कॉम्प्युटर तारखा चुकवतील या धास्तीनं सगळे तिच्याकडेच धावत. डबा मात्र ती एकटी खायची, कारण गप्पांत कधी हसायचं ते तिला आधी ठरवावं लागे.

म्हणून मायलेकींनी उत्तरं ओळीनं पाठ केली होती. नाव, शिक्षण, मग स्वयंपाक. बंगलोरजवळ येलहंकातल्या त्या दोन खोल्यांत आठवडाभर तालीम चालली.

रत्नाबाईंनी उप्पिटाची बशी घेतली, नाव विचारलं, शिक्षण विचारलं. मग सहज सांगितलं, की त्यांच्या सासूबाई मागच्या महिन्यात वारल्या. प्रणिता ठरल्याप्रमाणे हसली आणि तिसरं उत्तर दिलं.

"मला फार आवडतं. रोज करते."

रत्नाबाईंनी बशी खाली ठेवली. अंबूबाई पांढऱ्याफटक पडल्या. प्रणिताच्या डोळ्यांपुढे मामा आला, आणि सावरायला एकही उत्तर पाठ नव्हतं. हात मांडीखालून निसटले.

"मी पाठ करून बसले होते, क्रम चुकला," ती म्हणाली. "माझे हात असेच हलतात. दाबून धरले की मला काही सुचत नाही. लग्न झालं तरी हलतील."

मुलगा बशीकडे बघत राहिला. रत्नाबाई "सरी, बरंय, कळवतो" म्हणून उठल्या. या कळवण्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो.

दार लागलं. आता आई काय म्हणेल या धाकानं प्रणिता भिंतीला टेकून उभी राहिली. हात मात्र तिनं लपवले नाहीत. अंबूबाई सतरंजीवरच बसून होत्या. मग त्यांनी पदराखाली दाबलेला उजवा हात बाहेर काढला. बोटं फडफडत होती.

"माझा हात लहानपणी आमच्या आईनं बांधून ठेवलेला बघ," त्या म्हणाल्या. "तुझ्या मामाचा कुणी बांधला नाही. गावानं त्याला वेडा ठरवलं, तेव्हापासून मी भीतच आले."

प्रणिता त्यांच्याशेजारी जाऊन बसली. दार नीट लागलंय ना, ते अंबूबाईंनी पुन्हा एकदा पाहिलं.