फुंकलेला केक

मला वाढदिवसाच्या केकची किळस येते, आणि आमच्या घरातले सगळे केक मीच करते. लग्न होऊन उमरखेडला आले तेव्हापासून हे काम माझ्या गळ्यात आहे. कुकरमध्ये मिठाचा थर, त्यावर डबा, डब्यात बिस्किटांचा चुरा आणि दूध. इथवर माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती गोळ्यांची. आमच्याकडे नुसता केक कुणाला चालत नाही. आधी डालडा आणि पिठीसाखर फेटून त्यावर थापायची, मग चॉकलेटच्या रंगीत गोळ्या, संत्र्याच्या फोडींसारख्या आंबटगोड गोळ्या, जेली, गुलाबी बडीशेप, दुकानात जे जे लटकत असेल ते सगळं वर चिकटवायचं.

उन्हाळ्यात तर हा प्रकार बघवत नाही. लाइट गेली की डालडा सैल होतो आणि गोळ्यांचा रंग सुटतो. लाल गोळीभोवती लाल, हिरवीभोवती हिरवं, जखमेच्या पट्टीवर औषध पसरावं तसं. त्यात पोरांची बोटं. एक गोळी लावायची, बोट चाटायचं, त्याच बोटानं दुसरी उचलायची. मी ओरडले की नणंद हसते. ती ढाणकीला दिलेली. घरात कुणाचाही वाढदिवस असो, पोरं आणि गोळ्यांच्या पिशव्या घेऊन ही हजर.

"कायले एवढा किळस करता वो वहिनी? आपलीच लेकरं हायत."

आपली असली म्हणून थुंकी काय वेगळी असते?

आणि शेवटी ती मेणबत्ती. ज्याचा वाढदिवस तो गाल फुगवून फुंकतो, डालड्यावर तुषार उडतात, सगळे टाळ्या पिटतात आणि तोच केक एकमेकांच्या तोंडात कोंबतात. उरलेला गालाला फासतात. दुसऱ्या दिवशी सोफ्याच्या फटीतून मुंग्यांची रांग निघते, ती पुसायलाही मीच.

या घरात माझ्या बाजूचा एकच माणूस होता, माझे सासरे. मामाजी तहसीलात नोकरी करून रिटायर झालेले. उष्ट्याचा त्यांना असा तिटकारा की पाणी कायम वरून प्यायचे, गडव्याला ओठ लावलेला मी कधी पाहिला नाही. चहाचा कप स्वतः विसळून वेगळा ठेवायचे. कुणी लाडू मोडून अर्धा पुढे केला की हात पाठीमागे. केक कापून झाला की मी रीत म्हणून बशी त्यांच्यापुढे नेत असे. ते बशीकडे न बघता म्हणायचे, "सूनबाई, फुंकलेलं आपण खात नसतो." त्या 'आपण'मध्ये मी होते, याचं मला फार बरं वाटायचं. मग पुढच्या खोलीत तो धुडगूस चाललेला असताना आम्ही दोघं मागच्या ओट्यावर मुरमुरे खात बसायचो. अर्थात वेगवेगळ्या वाट्यांत.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर मामाजींना लकवा मारला. यवतमाळच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डावी बाजू लुळी, तोंड वाकडं, बोललेलं काही कळेना. डॉक्टरांनी निघताना स्पष्ट सांगितलं होतं, यांना गिळता येतं, पण हे खात नाहीत. पुढच्या खेपेपर्यंत तोंडानं खायला लागले नाहीत तर नाकातून नळी घालावी लागेल. नळी हा शब्द ऐकताना मामाजींनी डोळे मिटून घेतलेले मी पाहिले होते.

त्यांना भरवण्याचं काम माझं. चमचा उकळून घ्यायचा, वाटी धुतलेली असली तरी पुन्हा धुवायची, भाताची पेज कोमट करून बसायचं. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले. एखादा घास गेलाच तर डाव्या कोपऱ्यातून लाळेसकट बाहेर ओघळायचा. मग ते भिंतीकडे तोंड फिरवायचे आणि त्या दिवसाचं खाणं संपायचं. मला कळत होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या थुंकीचा तिटकारा केलेल्या माणसाला आता स्वतःच्याच तोंडाची किळस येत होती.

अशात नणंदेनं जाहीर केलं, बाबांचा वाढदिवस करायचा. "बाबाले बरं वाटन." घरात माणूस घास गिळत नाही आणि यांना केक सुचतो, असं मी नवऱ्याजवळ बडबडले. त्याचा काही उपयोग झाला नाही. केक केला. नणंदेनं बसून चॉकलेटच्या गोळ्यांनी त्यावर मामाजींचं नाव काढलं, चांगलं ठळक, या कडेपासून त्या कडेपर्यंत. सगळे पलंगाभोवती जमले. मामाजींच्या उजव्या हातात सुरी दिली, वरून नवऱ्यानं हात धरला, आणि सासूबाई एकदम पुढे आल्या.

"थांब! नावावर सुरी फिरवतं का बापाच्या? मानूस आत्ताच दवाखान्यातून आला!"

आमच्याकडे नाव कापत नाहीत. म्हणून तर आजवर कुणाच्या केकवर नाव घातलं नव्हतं. नणंद याच घरात वाढलेली, पण हौसेपुढे तिला कसली आठवण. आता करायचं काय? सासूबाईंनीच तोड काढली. नाव हातानं उचलून घ्या, मग कापा.

बघता बघता सगळ्यांची बोटं केकवर तुटून पडली. उचललेली गोळी टाकायची नाही, कारण ती नावातली. म्हणून जो तो खालचा डालडा चाटून गोळी तोंडात टाकत होता. कुणाची बोटं लाल, कुणाची निळी. नावाच्या जागी नुसते खड्डे राहिले. मामाजी उशीला टेकून हे सगळं बघत होते. दुसरीकडे उठून जाणंही त्यांच्या हातात नव्हतं. यांना निदान आपली स्वच्छ पेज तरी द्यावी म्हणून मी तणतणत स्वयंपाकघरात गेले.

वाटी घेऊन बाहेर आले तर माझी मुलगी पलंगावर चढलेली. अजून शाळेतही न जाणारी ही कार्टी तोंडातली गोळी बोटांनी काढून तिच्या आबांच्या, मामाजींच्या ओठांशी धरून बसली होती. गोळीचा रंग उडालेला, वरचं कवच विरघळलेलं, आतलं चॉकलेट लिबलिबीत झालेलं आणि लाळेची तार तिच्या हनुवटीपर्यंत.

"शी! उतर खाली! थू!" मी किंचाळले.

तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "आबाले कडक चावत नाई. मी मऊ करून देऊन राह्यली."

आणि मामाजींनी तोंड उघडलं.

गोळी आत गेली. जबडा हळूहळू हलला, गळ्याचा मणी वर जाऊन खाली आला. डाव्या कोपऱ्यातून चॉकलेटचा ओघळ निघाला, पण त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं नाही. पोरीनं फ्रॉकच्या टोकानं तो पुसला आणि त्याच टोकानं स्वतःचं नाक पुसलं. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. नणंद रडायला लागली.

मी लगबगीनं पलंगावर बसले आणि पेजेचा चमचा पुढे केला. ओठ मिटले. पुन्हा धरला, तरी मिटलेलेच. ते चमच्याकडे बघतच नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत होते. किळस आलेला चेहरा ओळखायला मामाजींना कुणी शिकवायची गरज नव्हती, आणि तो चेहरा मी रोज दोन्ही वेळा त्यांच्यासमोर घेऊन बसत होते.

मी चमचा माझ्या तोंडात घातला. अर्धी पेज प्यायले आणि उरलेली अर्धी त्यांच्या ओठांशी धरली. त्यांनी ती घेतली, गिळली, आणि माझ्याकडे बघत राहिले.

दुसऱ्यांदा चमचा भरला तेव्हा त्याला त्यांची लाळ लागलेली होती. तोही मी आधी माझ्या तोंडात घातला.