देवानं धाडलेली नको

कारखान्यात किस्से गोळा होतात ते लेथखाली लोखंडाचा कीस साचावा तसे. संध्याकाळी झाडून काढा, सकाळी पुन्हा ढीग! आमच्या चिंचवडच्या कंपनीत ग्राइंडिंग सेक्शनला तर हा ढीग जरा जास्तच. कारण साधं आहे. दिवसभर मशीनच्या आवाजात कुणाला कुणाचं ऐकू यायचं नाही, त्यामुळं पोटात साठलेलं सगळं जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या टेबलावर सांडायचं.

सत्तरच्या आगेमागचा काळ. त्या टेबलावर आम्ही ठरलेलेच. मोशीहून सायकल मारत येणारा बबन, मेंटेनन्सचे रशीदभाई, कोकणातला सदा, आणि मी. फोरमन देसाईसाहेब पलीकडच्या टेबलावर बसायचे, पण कान आमच्याकडं! विषय कुठूनही निघो, यायचा देवावर. देव ऐकतो का, आणि ऐकत असेल तर मग आपण नक्की काय करतो? मोठमोठे पंडित या प्रश्नावर थकले असतील. आम्ही तो डाळ-भातासोबत रोज सोडवायचो.

*

बबनला मोशीच्या जत्रेसाठी रजा हवी होती. ऑर्डर अर्जंट, त्यामुळं रजा मिळणं अवघड. बबननं आठवडाभर देवाला दिवा लावला आणि मग अर्ज दिला. देसाईसाहेबांचा त्या दिवशी काय मूड होता कुणास ठाऊक, त्यांनी हूं की चूं न करता सही केली.

बबन हरखून गेला. साहेबांचे आभार मानायचे सोडून वर हात जोडून म्हणाला, "देवा, तूच दिलीस रं रजा!"

साहेब तिथंच उभे. "मी नाही दिली?"

"तुमी कशापायी देताय सायेब? तुमच्या हातनं त्यानं देववली!"

साहेबांनी शांतपणे अर्ज परत घेतला, सहीवर काट मारली आणि म्हणाले, "मग जा, त्याचीच सही घेऊन ये!"

बबन दिवसभर त्यांच्या मागं मागं फिरत होता. शेवटी दिली त्यांनी रजा. पण आधी त्याच्याकडून "साहेब, तुम्हीच दिली" असं सगळ्या सेक्शनसमोर वदवून घेतलं.

*

याच बबनला तंबाखूचं भारी व्यसन. बायकोनं डोकं खाल्लं तेव्हा त्यानं देवाला साकडं घातलं, की बाबा, माझी तंबाखू तू सोडव. आणि मग रोज टेबलावर तक्रार. "इतकं दिस झालं राव, अजून काय त्यो सोडवंना!" हे बोलताना हातावर चुना मळणं चालूच.

एके दिवशी रशीदभाईंनी त्याची चंची उचलली आणि थेट मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या टाकीत टाकली.

बबन असा भडकला! "तुमाला कुणी सांगितलं व्हतं?"

"तूच तर वर अर्ज केला होतास," रशीदभाई म्हणाले. "वरून माझ्याकडं आला."

"म्या देवाकडं मागितलं, तुमच्याकडं न्हवं! आन् त्यानं सोडवायचीच आसंल तर सोडवू दे की. पर मला इचारून!"

आम्ही हसून हसून बेजार. पण सदा हसला नाही. तो बबनकडं बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "बरोबर आहे त्याचं. विचारायला तर हवंच."

*

सदाचं सांगायला हवं. कोकणातल्या एका लहानशा वाडीतून आलेला, दिसायला सडसडीत, कामाला वाघ. नुकताच परमनंट झालेला. लग्न करून शेवंतावहिनींना पिंपरीच्या एका चाळीत घेऊन आला. खोलीचं दार उघडलं की समोर दुसऱ्याच्या खोलीचं दार. नळाला रांग, आणि वहिनींचं बोलणं तिथं कुणाला धड कळेना. वाडीत विहिरीवर गेली तरी तासभर गप्पा मारून येणारी बाई, इथं दिवसभर गप्प!

भावाच्या लग्नाला म्हणून त्या माहेरी गेल्या आणि परतल्याच नाहीत. गावच्या एका माणसाबरोबर निरोप आला: "माका थंय नको. तुम्ही हंय या." भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. तिला इथं राहवत नव्हतं आणि याला नोकरी सोडवत नव्हती, एवढंच.

सदानं त्यानंतर संध्याकाळचा ओव्हरटाइम घेणं बंद केलं. ओव्हरटाइम नाकारणारा माणूस आमच्या सेक्शननं आधी पाहिला नव्हता! शिफ्ट सुटली की हा चिंचवड स्टेशनवर जाऊन बाकावर बसायचा. कोकणची एसटी पुण्याला पोचायची वेळ धरून त्यापुढच्या सगळ्या लोकल बघायचा. "हवा बरी असते इथं," म्हणायचा. स्टेशनवर कसली हवा? धूर नुसता! मी पुष्कळदा त्याच्याशेजारी बसलोय. गाडी यायची, माणसं उतरायची, पांगायची, आणि हा शेवटचा माणूस फाटकाबाहेर जाईपर्यंत मान वळवायचा नाही.

*

बबन एकदा त्याला म्हणाला, "नवस बोल की लेका! आमचा देव लई कडक हाय. वहिनीला वढून आणंल बग."

सदा काही बोलायच्या आत रशीदभाईंनी डबा बाजूला सारला आणि स्वतःची गोष्ट सांगितली. एरवी स्वतःबद्दल बोलणारा माणूस नव्हे तो.

तरुणपणी त्यांना मुंबईच्या गोदीत काम लागलं होतं. जहाजाची इंजिनं! लहानपणापासून तेच वेड. पेटी घेऊन चिंचवड स्टेशनवर आले. गाडी आली, थांबली. "आणि पायच उचलेना राव. कुणी धरलं नाही, अडवलं नाही. गाडी सुटली आणि मी घरी आलो. मला वाटलं, माझाच जीव झाला नाही, मीच ठरवलं. बरं वाटायचं त्याचं."

मग पुष्कळ वर्षांनी, आजारपणात, त्यांच्या अम्मीनं सांगितलं, की त्या वेळी ती जानमाज अंथरून, नमाजाला बसून दुआ मागत होती. माझ्या रशीदचा पाय इथून निघू नये म्हणून.

"मग?" मी विचारलं.

"मग काय! मी म्हटलं, अम्मी, मागितलीस ते मागितलीस. पण मला सांगायचं तरी नव्हतंस!"

आम्ही हसलो, तेही हसले. पण मग म्हणाले, "आता मुंबईकडची गाडी शिटी देते ना, तेव्हा वाटतं, मी राहिलो का मला ठेवलं? कळत नाही. आणि आता विचारायला अम्मीही नाही."

*

दुसऱ्या दिवशी सदानं बबनला जाहीर सांगून टाकलं. "नवस बोलायचा नाही. माझ्यासाठी कुणीच बोलायचा नाही."

"का रं?"

"सासऱ्यांनी निरोप धाडलाय, सांगा, उद्या पोरीला एसटीत बसवून देतो. मी नको म्हटलं. बापानं धाडलेली नको, तशी देवानंही धाडलेली नको. उद्या ती समोर बसून जेवायला लागली, तर मी काय बघत बसू? ही आली का हिला आणली?"

"अरं, पर ईल तर खरी!"

"देवानं तिचं मन फिरवलं, तर जी येईल ती शेवंताच कशावरून?"

बबनला काही ते पटलं नाही. "घरात बाईमाणूस न्हाई, आन् हा पट्ठ्या देवाला अटी घालतोय!" असं तो मला परस्पर म्हणाला. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा तसंच वाटलं. एवढा जीव तुटतोय, तर माग की बाबा, लाज कसली?

*

त्यातून पुढं जे झालं ते आमच्याच सेक्शनला शोभणारं! सदानं मनाई केली म्हणून सगळ्यांनी चोरून नवस बोलले. बबननं मोशीच्या देवाला तोरण कबूल केलं. मी संकष्टीला गणपतीला यायचं कबूल करून बसलो. आणि देव न मानणारे देसाईसाहेब मंगळवारी डबाच आणीनात! "पोट बिघडलंय," म्हणायचे. बबन म्हणाला, "सायेब, तुमचं पोट बरं नेमकं मंगळवारीच बिघडतंय!"

साहेब लालबुंद झाले. मग हळूच म्हणाले, "माझा विश्वास नाही रे. पण त्या पोराला त्या बाकावर बघवत नाही."

सदाला हे कळलंच. तो चिडला नाही. त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, "रविवारी सगळे चिंचवडच्या गणपतीला चला. मी गाऱ्हाणं घालतो."

बबन खूष! अखेर पोरगं वळणावर आलं!

*

कोकणातलं गाऱ्हाणं म्हणजे देवासमोर उभं राहून मोठ्यानं मागणं मागायचं, आणि बरोबरच्यांनी प्रत्येक वाक्याला "होय महाराजा!" म्हणून दुजोरा द्यायचा. ते सदानं आम्हाला वाटेत शिकवलं. साहेब "सहज फिरायला" म्हणून आले होते. रशीदभाई पायरीपाशी थांबले.

सदानं नारळ ठेवला, हात जोडले आणि खणखणीत आवाजात सुरू केलं. "बा देवा महाराजा, ह्यो तुजो लेकरू आज तुज्या पायाकडे गाऱ्हाणा घालता!"

"व्हय म्हाराजा!" बबनचा आवाज सगळ्यांत मोठा.

"ह्या माज्या भावांनी माज्यासाठी जा काय मागला, ता तू आयकू नको, महाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बबन तालात होता.

"माज्या घरकारणीच्या मनात तू हात घालू नको, महाराजा! ती इली तर तिच्या पायान येवंदे. नाय इली तर तिका थंय सुखात ठेव, महाराजा!"

"व्हय म्हा..." बबन थांबला. अर्थ आता कुठं त्याच्या डोक्यात शिरला होता. मागून पायरीवरून रशीदभाईंचा आवाज आला, "आमीन." तो मात्र स्पष्ट.

बाहेर आल्यावर बबन सदावर तुटून पडला. "माज्याच तोंडानं माजा नवस मोडवलास की रं!" आणि मग त्याच सदाला घट्ट मिठी मारून रडला. मीही तोंड फिरवून उभा राहिलो. आज ते टेबल नाही, त्यावरची माणसं पांगली, पण त्या पायऱ्यांवरून जाताना मला अजून तो गाऱ्हाण्याचा आवाज ऐकू येतो, आणि असं वाटतं की सगळे पुन्हा एकदा जमावेत.

*

आता शेवटचा किस्सा. यावर आमच्यात पुढं कितीतरी जेवणाच्या सुट्ट्या गेल्या, पण निकाल लागला नाही.

ऐन दुपारी गेटवरचा वॉचमन सेक्शनमध्ये आला. "सदाभाऊ, कुणी बाई आलीय. ट्रंक हाय संगं." स्टेशनवर इतके दिवस वाट बघणारा माणूस, तेव्हा मशीन बंद करायलाही विसरला! मीच बटण दाबलं.

पुढच्या रविवारी सगळे सदाच्या खोलीवर चहाला. वहिनी स्टोव्हपाशी. नवराबायको एकमेकांकडं बघत नव्हते, म्हणजे सारखे बघत होते. बबनला राहवेना. नवस मोडला हे तो सोयीनं विसरला होता. "वहिनी, खरं सांगा, देवानंच आणलं का न्हाई तुमाला?"

वहिनी हसल्या. "देवान? देव तर नको म्हणत होतो!"

सदानं आता मात्र सरळ तिच्याकडं बघितलं.

मग वहिनींनी सांगितलं. त्यांच्या वाडीत मोठं काही करायचं तर देवाचा कौल घेतात. गुरव देवाच्या पाषाणाला फुलाच्या पाकळ्या चिकटवतो. उजवीकडची आधी पडली तर देव हो म्हणाला, डावीकडची पडली तर नाही. 'घोवाकडे जाऊ का?' म्हणून त्यांनी कौल लावला. डावी पडली. पुन्हा लावला. पुन्हा डावी! गुरव म्हणाला, देवाचा होकार नाही, पोरी. बाप म्हणाला, मग राहा.

रशीदभाईंनी कप खाली ठेवला. साहेब सदाकडं बघत होते. बबनच शेवटी चाचरत म्हणाला, "म्हंजी... देवानं नको म्हणलं, आन् तरी तुमी आलात?"

वहिनींनी पदरानं भांडं धरून चहा गाळला, पहिला कप सदापुढं सरकवला आणि म्हणाल्या, "तेका म्हटलंय, देवा, तुजा म्हणणा आयकलंय. आता मी चललंय!"