किल्ली ठेवायला माणूस

पनवेलच्या तळ्याकाठी माझ्या शेजारचा फ्लॅट पाहायला कुवेतहून सुट्टीवर आलेला एक गृहस्थ तीनदा आला, पण फ्लॅट न घेताच परत गेला. किमतीवरून बिनसले, असे दलाल सांगतो. तळ्याच्या वासाने बिचकला, असे सोसायटीचे सेक्रेटरी. दोघेही साफ चुकतात, कारण तिन्ही वेळा त्याने चपला माझ्याच दाराशी काढल्या होत्या. शेवटच्या वेळी तळ्याकडे पाठ करून त्याने मला विचारले, "चाचा, अकरा महिने घर बंद राहील. किल्ली तुमच्याकडे ठेवू?"

"मी काय वॉचमन आहे?"

"नाही चाचा. घर कुठंही मिळतं, किल्ली ठेवायला माणूस लागतो," असे म्हणून तो हसत जिना उतरला.

तो घर पाहायला येत होता की शेजार, हे मला अजून उमगलेले नाही.