गुरुवारचा सॅल्मन

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी ओरगडमच्या कारखान्यात, लाइनवर उभ्या असलेल्या एका गाडीचं दार नीट बसतंय की नाही ते बघत होतो. फोन रघूचा होता, अक्कांच्या धाकट्या बहिणीच्या मुलाचा. “अंकल, पेरियम्मा गेली,” मोठी मावशी गेली, असं तमिळमध्ये म्हणाला, आणि मग इंग्रजीत, “थँक यू फॉर एव्हरीथिंग.” मी “अरे, आभार कसले…” असं काहीतरी बोललो आणि फोन ठेवला. शेजारच्या पोराने विचारलं, “साहेब, घरचं कुणी?” मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, मला अजून सांगता येणार नाही. मी मुळातच कमी बोलणारा माणूस. आजवर लोकांना तो माझा सुस्वभाव वाटत आलाय.

अक्का आमच्या घरमालकीण. वेलचेरीत त्यांचं दोन मजल्यांचं छोटं घर; खाली त्या एकट्या, वर मी आणि माझी बायको मीनल. तंजावरकडच्या मराठी घराण्यातल्या. कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेली माणसं, पण घरात मराठीच. फक्त ते मराठी तमिळच्या चालीवर चालायचं आणि त्यात आपल्याकडे केव्हाच मोडीत निघालेले शब्द असायचे. चांगलं झालं की ‘चोखट’ झालं. दार उघडायचं नाही, ‘काढायचं’. मला त्या ‘तंबी’, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणत, मीनलला नुसतंच ‘गे’. आमचं बोलणं ऐकून हसायच्या. “तुमचं मराठी पेपरातलं हो. आमचं स्वयंपाकघरातलं.” घर बघायला गेलो तेव्हा मराठी माणसं आली म्हणून त्यांनी एजंटला बाहेरच उभं केलं आणि आम्हाला आत नेऊन कॉफी दिली. कॉफी झाल्यावर एकच प्रश्न विचारला, “मासळी-बिसळी काही करत नाही ना तंबी तुम्ही?”

“छे हो अक्का,” मी म्हणालो.

मी रेवदंड्याचा. ताटात मासा नाही त्या दिवसाला आमच्याकडे उपास म्हणायचे. जिना उतरताना मीनल दबक्या आवाजात म्हणाली, “छे? तू? तुझी आजी वरून बघत असेल तर चपला शोधत असेल.” मी म्हटलं, दोन वर्षांचा तर प्रश्न आहे, भाडं बरं आहे, कंपनीची बस कोपऱ्यावर येते. त्या दोन वर्षांत किती वर्षं मिसळली ते कळलंच नाही. सुरुवातीला आम्ही मासे बाहेर खायचो. नंतर नंतर खरंच वाटायला लागलं होतं की आपण सोडले.

मधे एकदा पाणी भरलं. वेलचेरीत ते भरतंच, पण त्या वेळी अक्कांच्या देवघराच्या पहिल्या पायरीपर्यंत आलं. मी त्यांना हाताला धरून वर आणलं. आमच्या घरात त्या बरेच दिवस राहिल्या आणि तेवढ्या दिवसांत स्वयंपाकघर त्यांनी ताब्यात घेतलं. उडदाच्या पिठाची डांगर पचडी मी पहिल्यांदा तेव्हा खाल्ली. वीज नव्हती, खाली पाण्यात कुणाच्या तरी खुर्च्या तरंगत होत्या, आणि या बाई गॅसच्या उजेडात मीनलला सांगत होत्या, “पाणी आलं ते बरंच झालं गे. मज माणसांत राहायला मिळालं.” पाणी ओसरल्यावरही त्या चार-सहा दिवस खाली जायचं नाव घेईनात. आम्ही मासे खाणारे, हे तेव्हा सांगता आलं असतं. इतक्या जवळच्या झाल्या होत्या. पण जवळच्या झाल्या म्हणूनच सांगवेना… आणि खरं सांगायचं तर सांगण्याची गरजही वाटेना.

मग मीनलच्या तपासण्यांत काहीतरी वर गेलं, काहीतरी खाली, आणि डॉक्टरांनी मासे खा म्हणून सांगितलं. बांगडा तळायचा तर गल्लीभर वर्दी. तेव्हा आमच्या मुलीने पुण्याहून फोनवर तोडगा सांगितला: सॅल्मन आणा. विलायती, गोठवलेला, सोललेल्या पेरूसारखा गुलाबी. ना डोकं, ना खवले, ना काटे. आणि ओव्हनमध्ये करा, तळण नाही की धूर नाही. मी कारखान्यातून थकून आलो तरी करू शकेन इतका सोपा. आमच्या घरातला तो एकमेव पदार्थ जो मी करायचो, आणि अभिमानाने करायचो. तुकड्यांना मीठ, लिंबू, ठेचलेला लसूण, किंचित हळद. केळीच्या पानात गुंडाळायचे, वरून फॉइल घट्ट दुमडायची. ओव्हन फार तापवायचा नाही. आच जास्त झाली की तुकड्यातून पांढरा चीक सुटतो आणि मासा चोथ्यासारखा होतो. मंद आचेवर ठेवला तर जेवणाचा काटा नुसता टेकवला की पापुद्रे आपोआप सुटतात. मीनल म्हणायची, “काटे नाहीत, वास नाही, हा मासा आहे की औषध?” पण ताट चाटूनपुसून स्वच्छ करायची.

वार ठरला गुरुवार. ज्या वारी आमच्या गावी मासळीला कुणी शिवत नाही, नेमका तोच. कारण गुरुवारी संध्याकाळी अक्का मठात आरतीला जायच्या आणि जेवणाच्या वेळेपर्यंत परतायच्या नाहीत. एक्झॉस्ट पंखा त्यांच्या परसात उघडायचा, म्हणून तो बंद. खिडक्या बंद. तव्यावर चिमूटभर हिंग टाकायचा, म्हणजे जिन्यात आला तर सांबाराचाच वास येईल. फॉइल आणि कातडी डब्यात बंद करून मी दुसऱ्या दिवशी बसमधून थेट ओरगडमला न्यायचो आणि कारखान्याच्या कचऱ्यात टाकायचो, कारण आमच्या घरचा कचरा अक्का स्वतः सुका-ओला वेगळा करून द्यायच्या. मला या सगळ्याची लाज वाटत नव्हती. गंमत वाटायची. पन्नाशीतली दोन माणसं, शाळेतल्या पोरांसारखी पडदे ओढून जेवतायत… आमच्या लग्नातली ती बरी वर्षं होती, हेही खरंच आहे.

त्या गुरुवारी ओव्हन लावला आणि आम्ही टीव्हीचा आवाज कमी करून बसलो. अक्का मठात गेल्या असणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. कुणी बघितलं नव्हतं. बेल वाजली. मीनल उठली. मी तिचं मनगट धरलं. पुन्हा बेल वाजली, आणि मग आवाज आला, “मीनल… दार काढ गे.” अक्काच. घरात लसणाचा, माशाचा वास भरलेला. मीनल ओठांनीच म्हणाली, “त्यांचा आवाज बघ.” मी ऐकला होता. शब्द जड होते, जीभ सुजल्यासारखे. हे मी आजवर मीनलसमोरही कबूल केलेलं नाही. मी तोंडावर बोट ठेवलं आणि कुजबुजलो, “वास आवरला की जाऊ खाली. आत्ता नको.” बाहेर थोडा वेळ काही नाही. मग चप्पल घासत, एकेक पायरी उतरल्याचा आवाज. ओव्हन बंद झाल्याची टिंग झाली. आणि आम्ही जेवलो. मीनलने अर्धा टाकला. मी पूर्ण खाल्ला. त्या दिवशी तो फार सुरेख जमला होता.

भांडी धुऊन, खिडक्या उघडून, उदबत्ती लावून मी खाली गेलो. अक्का शेवटच्या पायरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात मांडीवर पडलेला. माझ्याकडे बघत होत्या.

इस्पितळात तरुण डॉक्टर होती. तिने पहिला प्रश्न विचारला, “हे सुरू कधी झालं?” मी म्हणालो, “माहीत नाही. आम्ही आत्ताच पाहिलं.” तिने पुन्हा विचारलं. म्हणाली, सर, नीट आठवा, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सुरुवातीच्या काही तासांतच देता येतं, वेळ कळली नाही तर ते देणं धोक्याचं. शेवटी कुणी त्यांना बोलताना ऐकलं? मीनलने माझ्याकडे बघितलं. वाक्य साधं होतं: जेवणाआधी वर आल्या होत्या, हाक मारली, शब्द जड होते, पण जिना चढल्या होत्या आणि उतरल्याही होत्या. पण मग पुढचा प्रश्न आला असता, की तुम्ही दार का नाही उघडलं… मी म्हणालो, “सकाळी. सकाळी बोलल्या होत्या.” डॉक्टरने ते लिहून घेतलं. इंजेक्शन दिलं नाही. दिलं असतं तर काय झालं असतं हे मला ठाऊक नाही, आणि त्या ‘ठाऊक नाही’च्या आडोशाला मी आता बसणार नाही. एका म्हाताऱ्या बाईच्या जिवापेक्षा मला माझी अब्रू मोठी वाटली. तीही कसली, तर ताटातल्या माशाची.

त्यानंतर अक्का जगल्या, पण बोलल्या नाहीत. त्यांचं सगळं मराठी आतच राहिलं. मी रोज कारखान्यातून सरळ इस्पितळात जायचो, आणि नर्सपासून मठातल्या बायकांपर्यंत सगळे म्हणायचे, भाडेकरू असावा तर असा. रघूच्या आईने तंजावरहून येऊन माझा हात धरला आणि त्या रडल्या, “तुम्ही होता म्हणून हो.” अक्का बघत असायच्या. त्या बघण्यात राग होता असं मी म्हणणार नाही. राग असता तर बरं झालं असतं. मीनल दोनदा आली, मग येईना. घरी ओव्हनवर तिने चादर टाकली. आम्ही भांडलो नाही. आमच्यात आता भांडण्याएवढंही बोलणं होत नाही.

हा लेख लिहायला घेतला तो वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी, अक्कांच्या मराठीविषयी, पुराविषयी, पचडीविषयी. बसल्यावर हे बाहेर आलं. इथवर लिहून झालं तेव्हा बरं वाटलं, अगदी मोकळं… आणि मग लक्षात आलं की मी पुन्हा तेच केलंय. अक्कांच्या घरात मराठी बोलणारे आहेत, पण वाचणारं कुणी नाही. त्यांना तमिळ लिपी येते. रघूला तर इंग्रजीशिवाय काही वाचता येत नाही. म्हणजे मी कबुली दिली ती अशा लिपीत, जी ज्यांना सांगायचं त्यांनाच वाचता येत नाही. कागद तसेच टेबलावर ठेवले आणि खाली गेलो. रघू अक्कांची भांडी खोक्यांत भरत होता.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. मोडक्या तमिळमध्ये, इंग्रजीत, जिथे अडलो तिथे मराठीत. मासा, गुरुवार, हाक, डॉक्टरचा प्रश्न. तो हातातलं पातेलं तसंच धरून ऐकत राहिला.

“स्मेल येईल म्हणून?” शेवटी त्याने विचारलं.

“हो.”

“पेरियम्मा घराबाहेर काढेल म्हणून?”

“हो.”

तो हसला. मला वाटलं रडेल, पण हसला. “अंकल, मी कॉलेजपासून चिकन खातो. बिर्याणी खाऊन सरळ इथे यायचो. तिला लांबूनच कळायचं. शिव्या घालायची, कुत्र्या म्हणायची, आणि मग म्हणायची, जा, मागे नळावर तोंड धू आणि ये जेवायला.” पातेलं त्याने खोक्यात ठेवलं. “तोंड धू. बास. एवढंच.”

 त्याने खोकं बंद केलं. मग, पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता, म्हणाला, “अंकल, तुम्ही दुसरं घर बघा. मासे खाल्ले म्हणून नाही हां.”

मी परसातून जिन्याकडे निघालो. नळाशेजारच्या दगडावर पितळेचा एक छोटा तांब्या पालथा घातलेला होता, आणि खुंटीला विरलेला पंचा. आलेल्या माणसाला तोंड पुसायला. इतकी वर्षं मी वर राहिलो, आणि आमचा पंखा नेमका याच जागेवर उघडतो म्हणून तो बंद ठेवत आलो. पण इथे कधी आलोच नव्हतो. रघूने घरातलं सगळं नेलं, हा तांब्या तेवढा ठेवलाय. आमचंही सामान बांधून होत आलंय. संध्याकाळी मी तिथे जाऊन उभा राहतो. नळ चालू आहे, पाणी येतं. तांब्या सुलटा करायला हात होत नाही.